आईचा ट्यूमर उंदरात वाढवून तिचं औषध ठरवता येईल का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. आई ५८ वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर, रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सीरस, स्टेज थ्री-सी’ असं लिहिलंय, म्हणजे झपाट्याने वाढणारा आणि पोटात पसरलेला प्रकार. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या तीन सायकल झाल्या, बारा दिवसांनी ऑपरेशन आहे. एका खाजगी कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला की ऑपरेशनच्या वेळी ताजा तुकडा द्या, आम्ही तो उंदरांमध्ये वाढवतो, सहा औषधं लावून बघतो आणि आईला कोणतं लागू पडेल ते सांगतो. खर्च काही लाखांचा. लेक विचारते आहे की यात तथ्य किती, आणि पैसे उभे करायचे का?

रुग्णांच्या गाठी उंदरांत वाढवायचं काम मी कित्येक वर्षं करते आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. पण तुमच्याकडे बाराच दिवस आहेत, म्हणून निर्णयापुरतं आधी सांगते. आईच्या आत्ताच्या उपचारासाठी या उंदरांवर विसंबू नका आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. पद्धत खरी आहे, तिने या आजाराबद्दल आम्हाला पुष्कळ शिकवलंय. मात्र ती एका बाईच्या पुढच्या तीन महिन्यांच्या कामी येत नाही. असं का, ते आता सविस्तर सांगते.

रुग्णाच्या गाठीचा जिवंत तुकडा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात रुजवायचा, या प्रकाराला आम्ही पीडीएक्स म्हणतो. आंब्याचं कलम बांधतात तसंच हे कलम, फक्त खुंट उंदराचा. निरोगी उंदीर माणसाचा तुकडा ठेवून घेत नाही, त्याच्या पांढऱ्या पेशी त्याचा फडशा पाडतात. म्हणून अंगावर केस नसलेला आणि थायमस ग्रंथी नसलेला ‘न्यूड’ उंदीर सापडेपर्यंत हे जमत नव्हतं. १९६९ मध्ये कोपनहेगनला रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी माणसाच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर अशा उंदरात वाढवून दाखवला. पुढे ‘स्किड’ आणि मग ‘एनएसजी’ जातीचे उंदीर आले. एनएसजीमध्ये प्रतिकारशक्तीच्या टी, बी आणि एनके या तिन्ही प्रकारच्या पेशी नसतात. आज आमच्याकडची बहुतेक कलमं याच उंदरांवर आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, पेशी बशीत वाढवता येतातच की, असं कुणीही विचारेल. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये नेमकं तिथेच पाणी मुरलं होतं. कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा एसकेओव्ही-३ आणि ए-२७८० या दोन सेल लाइनवर, म्हणजे बशीत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींवर, औषधं तपासत होत्या. २०११ मध्ये ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ या गाठींचे जीन वाचणाऱ्या मोठ्या प्रकल्पाचा अभ्यास आला. हाय ग्रेड सीरस प्रकारात टीपी-५३ या जीनमध्ये ९६ टक्के गाठींत बिघाड असतो, हे त्यातून पक्कं झालं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने सत्तेचाळीस सेल लाइनची जनुकीय ओळख खऱ्या गाठींशी ताडून पाहिली, आणि सगळ्यात जास्त वापरातल्या या दोन लाइन हाय ग्रेड सीरसशी फारच कमी जुळत होत्या. ए-२७८० मध्ये तर टीपी-५३ चा बिघाडच नाही. म्हणजे वर्षानुवर्षं एका आजाराच्या नावाने दुसऱ्याच कशाची तरी परीक्षा चालली होती. आणखी एक लाइन स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरात होती, ती मुळात अंडाशयाच्या ओव्हीसीएआर-८ या लाइनमधून आलेली निघाली. हे वाचलं तेव्हा मी पीएचडी करत होते. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं ए-२७८० वर उभी होती. ती बाजूला ठेवून मी ॲनिमल हाउसची, म्हणजे उंदरांवरच्या कामाची, वाट धरली.

आता हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघा. त्यातूनच तुमचं बरंचसं उत्तर निघेल.

ओटीतून फोन येतो तेव्हा आमच्यातली एकजण बर्फाचा डबा घेऊन बाहेर थांबलेली असते. आधी पॅथॉलॉजिस्ट त्यांना निदानासाठी लागतं तेवढं काढून घेतात. उरलं तर आमचं. गुलाबी द्रवाच्या बाटलीत सुपारीएवढा तुकडा येतो. लॅमिनार हूडमध्ये, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात, काचेच्या बशीत तो दोन ब्लेडनी चिरायचा. करडा, मऊ, पिठासारखा भुगा होणारा भाग मेलेला असतो, तो टाकून द्यायचा. ब्लेडला किंचित विरोध करणारा, गुलाबीसर पांढरा भाग ठेवायचा. त्याचे भिजलेल्या साबुदाण्याएवढे, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि मॅट्रिजेलमध्ये बुडवायचे. हे जेल बर्फावर पातळ राहतं आणि अंगाच्या उबेने घट्ट होतं. उंदराला भूल दिलेली असते. कुशीवर अर्ध्या सेंटिमीटरचा छेद, आत चिमट्याने तुकडा, वर क्लिप. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशींचे गुच्छ तरंगत असतात. ते गाळून सरळ उंदराच्या पोटात सोडता येतात, आणि आजार माणसात पसरतो तसाच ओमेंटम या पोटातल्या चरबीच्या पदरावर, आतड्यांच्या पडद्यावर पसरतो. ही पद्धत आजाराच्या जास्त जवळची. रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकच्या गटाने २०१४ मध्ये ताज्या गाठींची अशी पोटातली कलमं करून सुमारे तीन-चतुर्थांश नमुने रुजवून दाखवले. पण पोटातली गाठ कॅलिपरने मोजता येत नाही. सोनोग्राफी करावी लागते, नाहीतर उंदराच्या थेंबभर रक्तात माणसाचं सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन, बघावं लागतं. तुमच्या आईच्या रिपोर्टवर असतं तेच सीए-१२५.

तुकडा ठेवला की मग वाट बघायची. दर आठवड्याला उंदीर हातात घेऊन कुशीवरून बोट फिरवायचं. दोन महिने काहीच हाती लागत नाही. एखाद्या मंगळवारी कातडीखाली मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी सरकतं. त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटायची सवय मला अजून आहे. काही कलमं दोन महिन्यांत उगवतात, काहींना सहा लागतात, काही वर्षभर थांबूनही उगवत नाहीत.

पहिल्या उंदरातली गाठ हजार-दीड हजार घनमिलिमीटरची झाली की ती काढून पुढच्या पाच-दहा उंदरांत लावायची, याला पॅसेज म्हणतात. औषधं तपासायची तर प्रत्येक औषधाला काही उंदीर आणि बिनऔषधाचे काही उंदीर लागतात. सहा औषधं म्हटली तर निदान चाळीस-पन्नास उंदीर एका वेळी, सगळ्यांच्या गाठी जवळपास सारख्या आकाराच्या असताना सुरू करावे लागतात. म्हणून दुसरी, कधी तिसरी पिढी करावीच लागते. ती वाढायला दोन-तीन महिने, औषध देऊन निरीक्षणाला आणखी दीड-दोन महिने. सगळं सुरळीत झालं तर बेरीज सात ते दहा महिने.

तुमच्या आईचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवा. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांत केमो पुन्हा सुरू होईल. एकवीस-एकवीस दिवसांच्या तीन सायकल म्हणजे नऊ आठवडे. ऑपरेशनपासून सव्वातीन महिन्यांत तिचा हा टप्पा संपलेला असेल. तोवर आमच्या उंदरात कदाचित तो मसुराचा दाणा लागायचा असेल.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि कंपनीच्या माणसाने ती सांगितली नसणार. आईने तीन सायकल घेतल्या आहेत. ऑपरेशनमध्ये काढलेलं ओमेंटम तपासून पॅथॉलॉजिस्ट केमोचा परिणाम किती झाला त्याला १ ते ३ असा गुण देतात. तीन म्हणजे कॅन्सरच्या पेशी जवळपास उरल्याच नाहीत, फक्त व्रणासारखा तंतुमय भाग उरला. तिथे मिळणाऱ्या तुकड्यात रुजायला काहीच नसतं. आईच्या दृष्टीने सगळ्यात चांगला निकाल लागला तर उंदरांचं काम तिथेच थांबतं, आणि तसंच व्हावं ही माझीही इच्छा. पैसे मात्र आगाऊ भरलेले असतील. गाठ नाही रुजली तर किती परत मिळणार, हे करारात आहे का ते आधी बघा.

मग परत कधी आजार डोकावला तर हे निकाल कामी येतील, असंही तुम्हाला सांगितलं असेल. या टप्प्यावरच्या अनेक जणींमध्ये दोन-तीन वर्षांत आजार परत येतो, हे खरं आहे आणि तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण परत येणारी गाठ आज काढलेल्या गाठीसारखीच असेल, याची खात्री नसते. मधल्या काळात तिच्यावर औषधांचा मारा झालेला असतो. त्यातून तगून उरलेल्या पेशींची ती गाठ असते. या मुद्द्याकडे पुन्हा येते, कारण या पद्धतीचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोलाचं काम त्यावरच आहे.

त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नवशिक्यांना मी हीच गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगते. काही वर्षांपूर्वी एक कलम आम्हाला फार आवडत होतं. पाच आठवड्यांत टपोरी गाठ, प्रत्येक पॅसेजला शंभर टक्के रुजायचं. कार्बोप्लॅटिन लावलं तर ढिम्म. प्लॅटिनमला, म्हणजे कार्बोप्लॅटिनच्या कुळाला, दाद न देणारं मॉडेल मिळालं म्हणून मी सहा महिने त्यावर घालवले. एकदा गाठ कापताना ती फारच मऊ, दुधी पांढरी लागली आणि उंदराची प्लीहा नेहमीच्या तिप्पट दिसली. स्लाइड केल्या. मायक्रोस्कोपखाली सगळ्या गोल गोल, सुट्या पेशी. अंडाशयाच्या गाठीत दिसणारे झुबके नाहीत, बोटांसारखी रचना नाही. पॅक्स-८ ही अंडाशयाच्या गाठीची खूण निगेटिव्ह, सीडी-२० ही बी पेशींची खूण पॉझिटिव्ह. तो अंडाशयाचा कॅन्सर नव्हताच. रुग्णाच्या तुकड्यात तिच्याच काही बी पेशी होत्या आणि त्यांत एपस्टाइन-बार विषाणू सुप्त होता. बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर असतो, आपली प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. उंदराला ती नसल्याने त्या बी पेशी मोकाट वाढल्या आणि लिम्फोमा, म्हणजे त्या पेशींचाच कॅन्सर, झाला. आम्ही सहा महिने लिम्फोमाला अंडाशयाची औषधं देत होतो. पहिल्याच पॅसेजला स्लाइड करून बघितली असती तर एका दिवसात कळलं असतं. तो निष्काळजीपणा माझा होता.

हे विरळ नाही. मेयोच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की कलम करतानाच उंदराला रिटुक्सिमॅब हे बी पेशी मारणारं औषध दिलं तर असे लिम्फोमा टळतात. आता आमच्याकडे प्रत्येक कलमाच्या पहिल्या आणि तिसऱ्या पॅसेजला पॅक्स-८, डब्ल्यूटी-१, पी-५३ आणि सीडी-४५ या खुणांचे स्टेन होतात, आणि एसटीआर पद्धतीने डीएनए रुग्णाच्या रक्ताशी जुळवला जातो. कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुम्ही उंदरातल्या गाठीची स्लाइड आमच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाल का? ‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

उंदीर माणूस नसल्याने येणाऱ्या अडचणीही बऱ्याच आहेत. औषधांच्या निकालावर थेट परिणाम करणाऱ्या तेवढ्याच सांगते.

गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि रक्तवाहिन्यासुद्धा त्यात असतात. उंदरात दोन-तीन पॅसेजनंतर हा सगळा आधार उंदराचा होतो, माणसाच्या फक्त कॅन्सरच्या पेशी उरतात. याचा सगळ्यात मोठा फटका बेव्हॅसिझुमॅबला बसतो. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे इंजेक्शन नेहमी वापरतात. गाठीला रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून ते व्हीईजीएफ नावाचं प्रथिन अडवतं, पण माणसाचंच. उंदराच्या पेशींनी बनवलेलं व्हीईजीएफ त्याला नीट पकडता येत नाही. उंदरात ते फिकं पडलं म्हणून ‘आईला उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणं सरळ चूक ठरेल. कंपनीच्या सहा औषधांत बेव्हॅसिझुमॅब असेल तर हे त्यांना विचाराच.

स्किड आणि एनएसजी उंदरांतली खोट नेमकी पीआरकेडीसी या जीनमध्ये असते. तुटलेला डीएनए सांधायच्या कामातला हा जीन आहे. त्यामुळे रेडिएशन आणि डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं या उंदरांना स्वतःलाच झेपत नाहीत. डोस कमी करावा लागतो, आणि मग गाठ आटली नाही तर दोष औषधाचा की डोसचा, ते सांगता येत नाही. आजार परत आला की लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन देतात, म्हणून हा मुद्दा आपल्या कामाचा.

डोसचं गणित तर नेहमी तपासून बघावं. ओलापॅरिब हे अंडाशयाच्या कॅन्सरवरचं औषध उंदराला बहुधा रोज किलोमागे शंभर मिलिग्रॅम देतात. ऐकायला अफाट वाटतं. पण उंदराची चयापचयाची गती माणसाच्या कितीतरी पट असते. शरीराच्या पृष्ठभागावरून हिशोब करायची जी रीत आहे तिने शंभरला साधारण बाराने भागायचं, म्हणजे माणसाला किलोमागे आठेक मिलिग्रॅम येतात. बाईला दिवसातून दोनदा तीनशे-तीनशे मिलिग्रॅम देतात, साठ किलो वजनाला ते किलोमागे दहा मिलिग्रॅम पडतं. म्हणजे इथे मेळ बसतो. सगळ्याच औषधांत तो बसत नाही. माणसाला कधीच देता येणार नाही एवढा डोस देऊन गाठ वितळवल्याचे आलेख मी परिषदांमध्ये पाहिले आहेत.

इम्युनोथेरपीबद्दल एकच वाक्य पुरे: ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही त्याच्यात ती तपासता येत नाही, आणि माणसाच्या रक्तपेशी घालून ‘मानवीकरण’ केलेले उंदीर अजून रोजच्या निर्णयासाठी वापरण्याजोगे नाहीत.

पॅसेज करत गेलं की गाठ बदलते का, यावर आमच्यात बराच वाद झाला. २०१७ मध्ये १,११० नमुने तपासून एका गटाने म्हटलं की उंदरात गाठ वेगळ्याच वाटेने उत्क्रांत होते, माणसात टिकलेले काही जनुकीय बदल उंदरात पुसले जातात. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या गटांनी मिळून ५०९ मॉडेल तपासली आणि म्हटलं की गुणसूत्रांतले मोठे बदल बऱ्यापैकी टिकतात. माझा अनुभव दुसऱ्या बाजूला झुकतो, पण अट एकच की सुरुवातीचे पॅसेज वापरावेत. दहाव्या पॅसेजची गाठ घेऊन रुग्णाबद्दल बोलू नये. आणि जे रुजतं ते मुळात आडदांड असतं. लो ग्रेड सीरससारख्या संथ गाठी सहसा रुजत नाहीत, त्यामुळे त्या बायकांच्या आजारावर उंदरांमधून फारसं काही शिकता आलेलं नाही, याची मला खंत आहे.

आता मघाशी राहिलेला मुद्दा. मेलबर्नमध्ये क्लेअर स्कॉट यांच्या गटाने हाय ग्रेड सीरसच्या बारा कलमांवर रुकापॅरिब तपासलं. ओलापॅरिबच्याच कुळातलं हे औषध. डीएनए दुरुस्तीच्या बीआरसीए-१ या जीनमध्ये बिघाड असेल तर ही औषधं लागू पडतात, हे ठाऊक होतं. पण काही गाठींत जीन धडधाकट असतो आणि मेथिलेशनमुळे, म्हणजे त्यावर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे, बंद पडलेला असतो, जणू दिवा शाबूत आणि बटण बंद. अशा गाठींत निकाल उलटसुलट यायचे, कुणाला औषध लागू पडायचं, कुणाला नाही. उंदरांमध्ये गोष्ट उलगडली. जीनच्या सगळ्या प्रती बंद असतील तर गाठ आटते. एखादी जरी प्रत चालू राहिली तर तिच्या जोरावर गाठ डीएनए दुरुस्त करून घेते आणि औषध निष्प्रभ होतं. मग त्यांनी रुग्णांवरच्या एरियल-२ या औषधचाचणीतल्या २१ बायकांच्या मेथिलेशन असलेल्या गाठी तपासल्या आणि तिथेही तेच निघालं. शिवाय असं दिसलं की केमो घेतल्यावर हे मेथिलेशन निघून जाऊ शकतं. २०१८ मध्ये हे छापून आलं.

हा शोध बशीतल्या पेशींतून लागणं अवघड होतं, आणि थेट रुग्णांवर तर एकाच गाठीवर औषध देऊन आणि न देऊन दोन्ही बघता येतच नाही. उंदरात एकच गाठ वीस जागी लावता येते. दहा जागी औषध, दहा जागी नुसतं पाणी, आणि मग फरक मोजायचा. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे. अनेक बायकांच्या गाठी शेजारी शेजारी ठेवून कुठल्या जातीच्या गाठीला काय लागू पडतं याचा नियम शोधायचा, आणि तो नियम साध्या तपासणीच्या रूपाने पुढच्या बाईपर्यंत पोचवायचा. नोव्हार्टिसने २०१५ मध्ये निरनिराळ्या कॅन्सरची हजारावर कलमं करून हेच मोठ्या प्रमाणावर केलं, एका गाठीला एका औषधामागे एकच उंदीर. एकेका उंदराच्या निकालाला तिथे किंमत नव्हती, सगळ्यांच्या मिळून दिसणाऱ्या कलाला होती.

मेलबर्नच्या कामातून तुम्हाला थेट लागू होणारी गोष्टही निघते. पुढे कधी आजार परत आला आणि या कुळातल्या औषधाचा विचार झाला, तर जुन्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या जुन्या तुकड्यावर, भागवू नका, शक्य असेल तर नवी बायोप्सी मागा. पहिल्या गाठीत जे बंद होतं ते आता चालू झालेलं असू शकतं.

एका रुग्णाला तिच्या स्वतःच्या उंदरामुळे फायदा झाल्याची उदाहरणं नाहीत असं नाही. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचं कलम करून मायटोमायसिन-सी निवडलं आणि त्याला खरंच चांगला गुण आला. पण मागाहून जीनोम वाचला तेव्हा कारण सापडलं: पीएएलबी-२ या दुरुस्तीच्या जीनमध्ये बिघाड होता. तो बिघाड आज महिन्याभरात तपासणीतून कळतो, उंदीर लागत नाही. उंदरांच्या जागी गाठीच्या पेशींचे छोटे गोळे जेलमध्ये वाढवायची ऑर्गनॉइड पद्धतही आली आहे. उट्रेख्टच्या गटाने २०१९ मध्ये ३२ रुग्णांपासून अशा ५६ लाइन तयार केल्या. वेळ कमी लागतो, म्हणून एका रुग्णासाठी मला ती वाट जास्त आशेची वाटते. आज मात्र तिच्यावरूनही आईची औषधं ठरवू नयेत.

मग लाखांतले पैसे वाचवून करायचं काय? त्यातले थोडेसे इथे घाला. आईची बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ची रक्ततपासणी झाली नसेल तर ती आधी करा, आणि ऑपरेशनमध्ये पुरेशा जिवंत पेशी मिळाल्या तर गाठीची एचआरडी तपासणी, म्हणजे तिची डीएनए दुरुस्ती बिघडली आहे का ते बघणं. त्या मिळाल्या नाहीत तर केमोआधीच्या बायोप्सीच्या ब्लॉकवर ती करता येते, तो ब्लॉक पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो. बीआरसीए बिघाड असलेल्या बायकांना पहिल्या केमोनंतर ओलापॅरिब दिलं तर आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला, असं २०१८ च्या सोलो-१ चाचणीत दिसलं. आईच्या केमोनंतर काय द्यायचं ते या रिपोर्टवरून ठरेल, आणि रिपोर्ट काही आठवड्यांत, म्हणजे केमो संपायच्या आत येतो.

या तपासणीशी तुमचाही संबंध आहे, ताई. आईत जन्मजात बिघाड निघाला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के. वेळेत कळलं तर बीजवाहक नलिका आणि अंडाशय काढून हा धोका पुष्कळ कमी करता येतो. हाय ग्रेड सीरसचा उगम बऱ्याचदा नलिकेच्या टोकाशी असतो, म्हणून नलिकाही काढायच्या. मावशी, मामेबहिणी, भाऊ, सगळ्यांपर्यंत ही गोष्ट पोचवावी लागेल. यासाठी जेनेटिक काउन्सेलरकडे एक तास बसा. आईच्या डॉक्टरांनी हा विषय काढला नसेल तर तुम्ही काढा.

राहता राहिली ऊतक संशोधनाला देण्याची गोष्ट. ते जरूर द्या, फक्त त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. ज्या रुग्णालयात संशोधन चालतं तिथे ऑपरेशनआधी वेगळं संमतिपत्र देतात. ते मराठीत मागा आणि आईला वाचून दाखवा, सही तिची आहे. नमुना कुठे राहणार, देशाबाहेर जाणार का, गेला तर कुणाच्या परवानगीने, संमती मागे घेता येते का, हे विचारा. उंदरांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते आणि त्यावर सीसीएसईए या केंद्र सरकारच्या समितीची देखरेख असते. उंदीर कुबड काढून बसला, वजन पाचव्या भागाने उतरलं किंवा गाठ मर्यादेबाहेर गेली की प्रयोग तिथेच थांबवून त्याला वेदनेविना मरण द्यावं लागतं. वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या बाईत तीन किलोची, हे आमच्या मुलामुलींना मी तोंडपाठ करायला लावते.

आई हो म्हणाली तर सर्जनना ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तुकडा एकदा फॉर्मालिनमध्ये पडला की निदानाला चालतो, आमच्या कामाचा राहत नाही. संशोधन समन्वयकाचा नंबर ओटीतल्या सिस्टरकडे असू द्या, म्हणजे गाठ बाहेर येईल तेव्हा बर्फाचा डबा दारात असेल.